एक काच कमी आली

टॉवर नीट चाललाय हे मला सांगू नका, मॅडम — ते तुमच्या कंपनीच्या फोनवरच्या बाईंनी सांगितलं, मागच्या खेपेला आलेल्या साहेबांनी सांगितलं, आणि मलाही दिसतंय की — समोरच्या शिंप्याचा फोन लागतो, दिवसभर मशीन चालवत मेव्हण्याशी भांडत असतो, सगळ्या गल्लीला त्या मेव्हण्याची कुंडली पाठ झालीय — पलीकडच्या जिन्याखाली, जिथे हवासुद्धा धड जात नाही, तिथे लागतो — आणि माझ्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं की फोनचा प्राण जातो. तुमच्याच हातातल्या यंत्रावर बघा ना. पायरीवर किती दाखवत होतं? आणि आता? बघा. पडलं की नाही तोंडावर? मग टॉवर नीट असून माझ्या काय उपयोगाचा? या, आत या, बूट राहू द्या पायात, फरशी पुसायचीच आहे. बसा म्हटलं असतं, पण तुम्हाला काम आहे आणि मलाही कारखान्यातून अर्ध्याच दिवसाची सुट्टी आहे.

येताना फाटकापाशी बाकावर बसलेली बाई बघितलीत ना, छत्री धरून — ती माझी आई. या उन्हात. फोनवर बोलायला म्हणून रोज दुपारी तिथे जाऊन बसते, माझ्या ताईशी बोलते, तासन् तास बोलते. तुमच्याशीही काहीतरी बोलली ना आता — मी काचेतून बघितलं, फोनवर हात ठेवून तुम्हाला काहीतरी सांगत होती. काय म्हणाली? — बरं, ते नंतर सांगा, आधी माझं ऐका, नाहीतर मी विसरेन. मुद्दा असा आहे की ताई येत्या रविवारी येतेय. आईला न्यायला. दोन दिवसांसाठी नाही हो — कायमचं. बॅग भरून झालीय. आणि कारण काय सांगतेय आई? "या घरात फोन लागत नाही रे, सारखं बाहेर जाऊन बसावं लागतं, या वयात जमत नाही. तिकडे घरबसल्या बोलता येतं." आता सांगा — ताईकडे राहायला जायचं, का, तर ताईशी फोनवर बोलता येत नाही म्हणून! मी म्हटलं, अगं तिकडे गेलीस तर फोन करणार कुणाला? तर म्हणते, तुला करीन. म्हणजे बघा. सिग्नल नाही म्हणून एखाद्याची आई जाते, असं ऐकलंय कुठे? म्हणून तुम्हाला बोलावलं. रविवारच्या आत मला इथे, या खोलीत, फोन वाजलेला पाहिजे. मग ती कशाला जाईल? कारणच राहणार नाही.

हो, काचच. ते मला ठाऊक आहे, मागचे साहेबही तेच म्हणाले — पण मी काय म्हणतो ते तरी ऐका. काच बसवणं हा माझा धंदा आहे. नववीत शाळा सुटली आणि थेट काचेच्या कारखान्यात लागलो, तेव्हापासून हाताला दुसरं काम माहीत नाही. बघा या तळव्यावर. तर गेल्या उन्हाळ्यात आई स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. वर पत्रा, भिंती एवढ्याशा, भट्टीच होती घराची. डॉक्टर म्हणाले, हिला गारव्यात ठेवा. आता गारवा करणारं मशीन दिवसरात्र चालवणं माझ्या आवाक्यातलं नाही, पण घर बांधून घेणं माझ्या हातातलं होतं — म्हणजे बांधणं नाही, पॅक करणं म्हणा. सुट्टीच्या दिवशी एकेक भिंत घेतली. आतून फळ्या लावल्या, त्या फळ्यांच्या पाठीला चंदेरी वर्ख असतो, गरमी परत फेकायला — नुसत्या बाहेरच्या भिंतींना नाही, उरलेल्या होत्या म्हणून मधल्या भिंतींनाही लावल्या — छताखाली तेच — आणि खिडक्यांना ही काच. दुहेरी. दोन काचा, मध्ये बंद हवा, आणि आतल्या अंगाला चांदीचा हात फिरवलेला. हात लावून काही कळणार नाही, इतका पातळ असतो. आम्ही ती काच हातमोजे घालून धरतो, बोटाचा घाम लागला तरी काळी पडते. तो थर दोन काचांच्या मध्ये कोंडूनच ठेवायचा असतो.

आणि घर गार झालं, मॅडम! आता तुम्ही उन्हातून आलात, तुम्हाला जाणवलं असेल. बाहेर डांबर पाघळतंय आणि आत बघा. मला वाटलं होतं आई खूश होईल. झाली होती, सुरुवातीला — पाठ टेकून म्हणाली, बरं वाटतं रे. मग ताई आली बघायला. ताई कशी, तर दारातूनच बोलायला सुरुवात करते. भिंतीवर टकटक केलं, छताकडे बघितलं आणि म्हणाली, "आईला थर्मासमध्ये भरून ठेवलंयस की रे." सगळे हसले. आईसुद्धा. मीही हसलो, काय करणार — पण मला ते लागलं. स्वतः काय केलं हिने? लग्न करून गेली, वर्षाला एकदा साडी घेऊन येते आणि थर्मास म्हणते. जाऊ द्या. तुम्हालाही खरं तर ताई म्हटलं असतं मी, सगळ्यांना म्हणतो, पण सध्या आमच्या घरात तो शब्द काढला की वातावरण बिघडतं, म्हणून मॅडम.

बरं, हॉलमध्ये काही नाही ना? नाहीच. इकडे या, स्वयंपाकघर. ओट्यापाशी बघा. — अरे, ते जरा हललं! कुठे गेलं? तुम्ही हात वीतभर सरकवला आणि गेलं. हे असंच होतं बघा, मलाही दिसलंय — फोन इथे धरला तर सिग्नलची एक दांडी, वीतभर बाजूला धरला तर मेला. मला वाटायचं माझ्याच हाताला काहीतरी झालंय. — हं. हं. म्हणजे थोडासा कुठूनतरी फटीतून आत येतो आणि या वर्खाच्या भिंतींवर आपटत राहतो, जाणारा आणि परत येणारा एकमेकांत मिसळतात — कुठे दुप्पट होतात आणि कुठे एकमेकांना खाऊन टाकतात. घ्या. म्हणजे आत आल्यावरही भांडतातच.

नाही, पण मला एक सांगा. मागचे साहेब म्हणाले की उजेड आणि फोनचा सिग्नल एकाच घराण्यातले. खरं का? — बरं, गरमीसुद्धा? तिघंही? मग हा काय न्याय झाला? काच तीच, चांदी तीच. उजेड सरळ आत येतो, बघा ना, वर्तमानपत्र वाचता येतं इथे बसून, आणि त्याच्याच सख्ख्या भावाला दारातून परत पाठवतात? — लांब ढांगांचा आहे म्हणून? असं म्हणता येईल? की उजेडाची पावलं अगदी बारीक, आणि फोनची पावलं वीतभराची — आणि चांदी त्या लांब पावलांना ओळखते आणि मागे फिरवते. हं. त्या गरम करायच्या ओव्हनचं दार असतं तसं, जाळीतून आतलं सगळं दिसतं पण आतली आच बाहेर येत नाही. ते कळलं मला. कळलं हो, मी शाळा सोडली म्हणून मला कळत नाही असं नाही. कळूनही पटत नाही एवढंच. मी काचेला सांगितलं होतं का सिग्नल अडव म्हणून? मी गरमी अडव म्हटलं. कुणीतरी सांगायला हवं होतं ना. विकणाऱ्याने सांगितलं नाही, मालकाने सांगितलं नाही, इतक्या मोठ्या इमारतींना मी स्वतः ही काच लावलीय, तिथे कुणी बोललं नाही — तिथे म्हणे आत वेगळी यंत्रं बसवतात सिग्नलची. आमच्या थर्मासात कोण बसवणार?

वायफाय नको. तेही सांगून झालं. आईचा बटणांचा फोन आहे, त्यात वायफायबियफाय नाही. नवीन घेऊन देतो म्हटलं, तर म्हणते बोटं सरकतात. छोटं यंत्र बसवता येईल, आत सिग्नल ओढून आणणारं — ते मला हवंय, त्याचंच बोला. — थांबा, थांबा, हे बघा, या खिडकीतून बघा. दिसतेय ना आई? बघा कशी हसतेय. हात कशी हलवतेय बघा. माझ्याशी बोलताना हिचे हात मांडीवर असतात. काय बोलते कोण जाणे — दुहेरी काचेतून आवाजही येत नाही, नुसतं चित्र. आणि तिला इकडचं काही दिसत नाही, बरं का. दिवसा बाहेरून ही काच आरशासारखी होते, तोच चांदीचा थर. परवा ती याच खिडकीसमोर येऊन उभी राहिली, पदर नीट केला, केस मागे घेतले, बराच वेळ स्वतःकडे बघत होती. आणि मी आतून, हा एवढ्या अंतरावर, उभा. माझ्या तोंडाकडे बघत होती आणि तिला मी दिसत नव्हतो. हसायला आलं मला. म्हणजे, हसू असं नाही. — रोज नाही हो उभा राहत मी इथे. दुपारी जेवायला घरी येतो तेव्हा. जेवण झालं की जरा वेळ.

काय झालं? पॅसेजमध्ये? एक दांडी दाखवतंय? दाखवा. खरंच की. इथे कुठून आला? इथे तर खिडकीच नाही, दोन्हीकडे माझ्याच फळ्या आहेत. — हो, ही आईची खोली. दार लाकडाचं, साधं आहे. लाकडातून झिरपतो का? लाकूड त्याला काही म्हणत नाही? बरं. पण मग आत कुठून — उघडतो ना. आई दार लावूनच ठेवते नेहमी. म्हणते गारवा जातो. खरं म्हणजे या खोलीत गारवा जरा कमीच आहे, कारण इथे माझी एक काच कमी आली. त्याचीही कथाच आहे — सगळ्या खिडक्यांची काच एकदम मागवली होती, एकीचा कोपरा उडालेला निघाला, ती परत केली, आणि तोवर भोक उघडं ठेवता येत नाही म्हणून इथे तात्पुरती साधी काच ठोकून दिली, जुनीच, एकेरी, चांदीबिंदी काही नाही. दुसरी आली नंतर. आलीय केव्हाची, कपाटामागे कागदात गुंडाळून उभी आहे, ती बघा. पण आई बसवूच देत नाही. मी स्क्रू काढायला घेतले की म्हणते, राहू दे रे, या काचेतून बाहेरचं जसंच्या तसं दिसतं, त्या तुझ्या काचेतून सगळं जरा हिरवट वाटतं. ऊन येतं दुपारी, तरी म्हणते राहू दे. म्हातारी माणसं हट्टी —

किती?

नाही, पुन्हा बघा. दार लावा आणि बघा. — भरलंय? पूर्ण? पायरीपेक्षा जास्त? ते कसं? — हं. साध्या काचेतून सरळ आत येतो, काच त्याला थोडंसंच अडवते... आणि बाकीच्या तिन्ही भिंती वर्खाच्या, त्यामुळे आलेला बाहेर जात नाही, इथेच खेळत राहतो. म्हणजे माझ्याच फळ्यांनी — वा! मग झालं की! मॅडम, झालं की काम! यंत्र नको, काही नको. पलंग इथे खिडकीशी ओढायचा, फोन तिच्या उशाशी, बोल म्हणावं दिवसभर ताईशी. आत्ता बोलावतो तिला. रविवारी ताई आली की सांगतो, हे बघ, तुझ्या थर्मासात फोन लागतो. बॅग उघडून साड्या परत कपाटात लावतो मी स्वतः. एवढी साधी गोष्ट, आणि मी तुमच्या ऑफिसात किती वेळा —

पण ही काच तर पहिल्यापासून आहे.

नाही, मी म्हणतोय, काल बसवलेली नाही ही. पहिल्यापासून आहे. म्हणजे फोन इथे पहिल्यापासून लागत असणार. आणि चार्जर बघा. चार्जर खिडकीच्या कट्ट्यावर. रात्रभर फोन इथेच असतो. आणि तुमच्या कंपनीचे मेसेज येतात ना सकाळी, ही ऑफर नि ती ऑफर — टिंग टिंग वाजतात, मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतात, मी चहा ठेवत असतो. मेसेज काय सिग्नल नसताना येतात का? नाही येत. मग मी कसं — माझ्या डोक्यात कसं आलं नाही? आईनेच सांगितलं होतं ना, घरात फोन लागत नाही म्हणून. हॉलमध्ये लागत नव्हता, माझ्या खोलीत लागत नव्हता, मला खरंच वाटलं. खोटं नव्हतंच ते. फक्त या खोलीचं तिने सांगितलं नाही.

कदाचित तिला ठाऊकच नसेल. — नाही. ठाऊक आहे. काच बदलू देत नाही.

मग उन्हात कशाला जाऊन बसते?

नाही, तुम्हाला विचारत नाहीये. बघा, आधी ती हॉलमध्येच बोलायची, या काचा लागायच्या आधी. मी म्हणायचो, स्पीकर लाव ना, मलाही ऐकू दे — घरात काय चोरून बोलायचंय? माझीही बहीण आहे. ती लावायची. मग ताई काहीतरी विचारायची, म्हणजे, आई गोळ्या घेतेस का, गुडघा कसा आहे — आणि आईला उत्तर द्यायला वेळ लागतो, आठवून आठवून बोलते ती, तोवर मीच सांगायचो. घेते गोळ्या, बरा आहे गुडघा. आई कुठेतरी भरकटायची, कुणाच्या तरी लग्नाची आठवण, तर मी म्हणायचो अगं मुद्द्याचं बोल. चांगल्यासाठीच हो. मग मी आणि ताई बोलायचो, मग मी आणि ताई भांडायचो, आणि आई फोन हातात धरून बसायची, ताट धरावं तसा. असं एकदा नाही — रोजच. वाईट काय बोललो मी? मी बाहेर कुणाशी बोलत नाही, मॅडम. कारखान्यात मला मुका म्हणतात, खरंच, मुक्या म्हणूनच हाक मारतात. दिवसभराचं साठतं, मग घरी आल्यावर — घरी बोलायचं नाही तर कुठे बोलायचं? आज तुमच्याशीच किती बोललो, तुम्ही आल्यापासून काहीतरी सांगायला तोंड उघडताय आणि मी —

हां. बघितलं तिने. या काचेतून आतलं दिसतं ना. ही साधी आहे. बघा, मला बघितलं, तुमच्या हातातलं यंत्र बघितलं. फोन कानावरून खाली घेतला. हसायची थांबली.

फाटकापाशी काय म्हणाली होती ती तुम्हाला? मघाशी सांगत होतात. सांगा आता. नाही बोलत मी मध्ये. सांगा.

...

एवढंच? "तो बोलेल खूप, त्याला मध्ये तोडू नका, ऐकून घ्या, त्याचं ऐकणारं कुणी नाही" — असंच म्हणाली?

बरं.

बरं, मॅडम. यंत्र नको बसवायला. ऑफिसात सांगा, सिग्नल आहे, तक्रार मिटली. या तुम्ही. जाताना तिला एवढं म्हणाल का — उन्हात बसू नका, खोलीत येऊन बोला, दार लावून घ्या, तो घरात नाही. मी मागच्या दाराने कारखान्यात जातोय म्हणावं. — नाही, रविवारचं काही विचारू नका तिला. ती काच तिथेच राहू द्या, कपाटामागे. या.